सर्व्हर परत उभा केला आणि फायलींचे मालकच बदलले! मदत हवी (लांबलचक आहे)

प्रेसवाला_पोऱ्या · सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मी आयटीवाला नाही हे आधीच सांगून टाकतो. सांगलीत काकांची प्रेस आहे, लग्नपत्रिका, डायऱ्या, दिनदर्शिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असलं काम, आणि घरात ज्याला टर्मिनल उघडता येतं त्याच्या गळ्यात सर्व्हर पडतो तसा तो माझ्या गळ्यात पडला.

तर मांडणी अशी आहे. एक उबुंटूचं (म्हणजे लिनक्सचं) डबडं, त्यात सहा डिस्क, सगळ्यांच्या फायली त्यावर. विंडोजवाली बारा पीसी (हिशेब, एस्टिमेट, पॅकिंग) सांबातून (लिनक्सवरच्या फायली विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) येतात, आणि लॉगिन मात्र वेगळ्या विंडोज सर्व्हरवरच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं (ऑफिसातली सगळी अकौंटं एका ठिकाणी, त्यालाच डोमेन म्हणतात). डिझाइनला चार आयमॅक, ते एनएफएसने (नेटवर्कवरून फायली वापरायचा युनिक्सकडचा मार्ग) जोडलेत कारण पूर्वी कुणीतरी सांगितलं की ते फास्ट असतं.

गेल्या गुरुवारी उबुंटूची छोटी एसएसडी मेली. डेटाच्या डिस्क ठणठणीत. मी म्हटलं चला, फार काही नाही, नवी एसएसडी, नवं उबुंटू, सांबाची कॉन्फिग फाईल माझ्याकडे मेलमध्ये होती ती टाकली, डोमेनला जोडलं, शुक्रवारी दुपारी सगळे कामाला लागले आणि काकांनी चहा पाजला.

शनिवारी सकाळी पॅकिंगचा सुहास येऊन विचारतो, दादा, माझ्या पीसीवर पगाराचं फोल्डर उघडतंय, उघडू का? विचारलं तेव्हा उघडून, वाचून, कुणाला किती ते पाठ करून झालं होतं हे सांगायला नको. आणि ज्या मंदाताई गेली अकरा वर्षं पगार काढतात त्यांना स्वतःच्याच एक्सेलवर ॲक्सेस डिनाइड. फाईलची प्रॉपर्टी बघितली तर मालक म्हणून सुहास!! एस्टिमेटच्या फायली प्लेटमेकिंगच्या माणसाच्या नावावर, काकांच्या फायली माझ्या नावावर (हे मात्र काकूंना आवडलं).

अजून एक, डिझाइनच्या फायलींना सर्व्हरवर ग्रुप डायलआउट (मॉडेमवाल्यांचा) दिसतोय. आमच्याकडचा मॉडेम भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली.

आज दिवसभर चोन (फाईलीचा मालक बदलायची कमांड) मारत बसलो होतो, अकौंटचं अख्खं फोल्डर मंदाताईंच्या नावाने केलं. पण एकूण नऊ लाख फायली आहेत. दिनदर्शिकेचा सीझन डोक्यावर. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

थंड_चहा · मंगळवार, सकाळी ७:१०

रुमाल टाकून ठेवतो. पगार फुटला म्हणजे आता खरी मजा.

---

कर्नल_पॅनिक · मंगळवार, सकाळी ८:३४

बॅकअप होता का?

---

प्रेसवाला_पोऱ्या · मंगळवार, सकाळी ८:४१

डेटाचा होता. सिस्टिमच्या डिस्कचा नव्हता. हा प्रश्न येणार हे माहीत होतं, काकांनीही विचारून झालाय.

---

जुना_खिळा · मंगळवार, सकाळी ९:१५

पोरा, सगळ्यात आधी चोन थांबव. अगदी आत्ता. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

तू नावं बघतोयस. डिस्कवर नाव नसतंच. प्रत्येक फाईलच्या आयनोडमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या नोंदीत, मालक म्हणून एक आकडा असतो आणि ग्रुप म्हणून दुसरा आकडा, बास. तू यादी काढतोस तेव्हा सिस्टिम तो आकडा घेऊन वहीत बघते की हा कोण, आणि जे नाव सापडेल ते तुला दाखवते. धोब्याकडे कपड्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने आकडा टाकतात बघ, तसं. कपडा तुझाच, आकडाही तोच, पण धोब्याची वही पाण्यात गेली आणि त्याने नवी वही घालून शुक्रवारी जो पहिला आला त्याला पहिला आकडा दिला, दुसऱ्याला दुसरा. आता तुझा सदरा सुहासच्या गठ्ठ्यात.

ती वही तुझ्या मेलेल्या एसएसडीवर होती. तुझ्या सांबाच्या कॉन्फिगमध्ये आयडीमॅपच्या (कुणाला कुठला आकडा ते ठरवणाऱ्या) ओळी कशा आहेत त्या टाक इथे. आणि एलएस नुसतं एल लावून नको, एल आणि एन दोन्ही लावून पगाराच्या फोल्डरची यादी टाक. एन लावला की आकडे दिसतात.

---

प्रेसवाला_पोऱ्या · मंगळवार, सकाळी ९:५०

काका, आयडीमॅपची एकच ओळ आहे, तारा म्हणजे स्टार, त्यापुढे बॅकएंड टीडीबी, रेंज १०००० ते १९९९९. डोमेनच्या नावाची वेगळी ओळ नाहीये.

काल चोन केलं ते सोडून कालच्या आधीच्या एका पगाराच्या फोल्डरची यादी काढली (२०१९ चं, ते दुसरीकडे पडलं होतं), मालक १०००३, ग्रुप १०००१.

---

जुना_खिळा · मंगळवार, सकाळी १०:०५

मिळाला चोर. पूर्वी १०००३ म्हणजे मंदाताई होत्या. शुक्रवारी १०००० पासून मोजणी परत सुरू झाली, चौथा माणूस सुहास आला, १०००३ त्याला मिळाला. त्याने काही केलं नाही आणि सांबानेही काही चुकीचं केलं नाही, टीडीबीवाला बॅकएंड असाच चालतो, जो दारात पहिला येईल त्याला पुढचा मोकळा आकडा, आणि ते एका फाईलीत लिहून ठेवायचं. ती फाईल गेली की संपलं.

बाकीचं दुपारी लिहितो, नातवाला शाळेतून आणायचंय.

---

रंगपेटी · मंगळवार, सकाळी ११:२०

मी डिझाइनर आहे त्यामुळे वरचं अर्धंच कळलं पण मॅकचं मला माहितीये कारण आमच्या एजन्सीत सेम झालं होतं! मॅकवर पहिलं जे अकौंट बनतं त्याचा नंबर कायम ५०१ असतो. चारही मॅकवर प्रत्येकाने आपापलं अकौंट बनवलं की चौघंही ५०१. एनएफएसवर सर्व्हरला वाटतं एकच माणूस आहे. आमच्याकडे इंटर्नने सिनिअरचं फायनल आर्टवर्क डिलीट केलं आणि सर्व्हर हूं की चूं करेना, कारण त्याच्या लेखी तिने स्वतःचंच डिलीट केलं होतं.

---

कर्नल_पॅनिक · मंगळवार, सकाळी ११:४८

रंगपेटीशी सहमत. आणि डायलआउटचं कोडं पण तिथेच सुटतं. मॅकवर त्या अकौंटचा मुख्य ग्रुप स्टाफ, त्याचा नंबर २०. डेबियन-उबुंटूत २० नंबरचा ग्रुप कोण तर डायलआउट. मॅकने २० लिहिलं, उबुंटूने आपल्या वहीत २० बघितला. मॉडेम भंगारात गेला तरी ग्रुप घरात आहे.

उबुंटूवर पहिला माणूस १०००, जुन्या रेडहॅटवर ५००, सातव्या आवृत्तीपासून तिथेही १०००. प्रत्येकाने आपापल्या घरात एकपासून मोजलं आणि मग सगळ्यांना एकाच सामायिक अंगणात आणून सोडलं.

एनएफएस व्हर्जन ४ करून टाक. तो आकडे नाही, नावं पाठवतो. प्रश्नच मिटला.

---

फ्रेमाँटचा_पाव्हणा · मंगळवार, दुपारी १२:३०

इथे रात्र झालीये पण हे वाचून झोप लागणार नाही म्हणून लिहितोय. स्टोरेजमध्येच पोटापाण्याचं काम आहे.

कर्नलसाहेब, व्हर्जन ४ ने प्रश्न मिटत नाही, उलट मिटल्यासारखा वाटतो आणि ते जास्त वाईट. एनएफएसमध्ये ओळख दोन ठिकाणी जाते. एक, विनंतीच्या पाकिटावर, की हे कोण मागतंय. दुसरी, पाकिटाच्या आत, की या फाईलीचा मालक कोण. व्हर्जन ४ मध्ये आतल्या ठिकाणी अमुक ॲट तमुक डोमेन असं नाव लिहायची सोय आली. पण साधी, म्हणजे सिसवाली सिक्युरिटी असेल तर पाकिटावर अजूनही नुसता आकडाच असतो, आणि परवानगी द्यायची की नाही ते पाकिटावरून ठरतं! म्हणजे यादीत नाव मंदाताई दिसेल आणि लिहायला गेलात तर नकार, कारण पाकिटावर ५०१ आहे. शिवाय हल्लीचा लिनक्स क्लायंट सिस सिक्युरिटी असली की आतसुद्धा आकडाच मजकूर म्हणून पाठवतो, मॅपिंगच्या भानगडीत पडत नाही.

खरोखर नावावर चालायचं तर कर्बेरॉस (खरी ओळख पटवून घ्यायची व्यवस्था) लावावं लागतं. चार आयमॅकसाठी ते म्हणजे उंदीर मारायला तोफ.

आणि हे ओघात आलं म्हणून, व्हर्जन ४ वर सगळे मालक नोबडी दिसायला लागले, ६५५३४ वाला, तर पहिल्यांदा दोन्हीकडच्या आयडीमॅपडी कॉन्फिगमध्ये डोमेन हा शब्द अगदी सेम आहे का ते बघा. दहातल्या आठ वेळा तेच निघतं. हा ६५५३४ कुठून आला तर उणे दोन सोळा बिटांत लिहिले की तेवढे होतात. मॅकवर नोबडी अजून उणे दोनच आहे.

---

कर्नल_पॅनिक · मंगळवार, दुपारी १२:५५

माझा पोपट झाला हे मान्य. पाकिटावर आणि पाकिटात हे आजवर कुणी असं सांगितलंच नव्हतं.

---

जुना_खिळा · मंगळवार, दुपारी २:४०

आलो. पाव्हण्यांनी माझं काम अर्धं केलं.

सन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस काढलं तेव्हा सगळी यंत्रं एकाच खोलीत, एकाच माणसाच्या ताब्यात असायची, म्हणून क्लायंट जो आकडा सांगेल त्यावर सर्व्हरने डोळे मिटून विश्वास ठेवायचा असंच ठरलं. मी पुण्यात ज्या लॅबमध्ये होतो तिथे पोरं स्वतःच्या मशीनवर रूट (सर्वाधिकारी युजर, नंबर शून्य) होऊन हव्या त्या आकड्याचा युजर बनवायची आणि सरांचे पेपर वाचायची. रूटला तेवढं रूट स्क्वॅशने अडवता येतं, म्हणजे शून्य नंबर आला की त्याला नोबडी करून टाकायचं, पण १०००३ म्हणून आला त्याला कोण अडवणार.

आता विंडोजची बाजू. तिथे माणसाला साधा आकडा नसतो, सिड असतो. एस-१-५-२१, मग तीन लांबलचक आकडे जे तुमच्या डोमेनचे, सगळ्यांना सारखे, आणि शेवटी एक छोटा आकडा जो त्या माणसाचा. त्याला रिड म्हणतात. ५०० म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर, ५०१ गेस्ट (मॅकवाल्यांनो, योगायोग बरं का), ५१३ म्हणजे डोमेन युजर्स हा ग्रुप, आणि साधी माणसं १००० च्या पुढे. माणूस काढून टाकला तरी त्याचा रिड दुसऱ्याला देत नाहीत. हे महत्त्वाचं.

तर लिनक्सला हवा एक आकडा आणि विंडोजकडे आहे हा मारुतीच्या शेपटासारखा सिड. मध्ये बसलेल्या विनबाइंडचं (सांबाचाच एक भाग) काम या दोघांची जोडी लावणं. जोडी लावायचे मुख्य तीन मार्ग. टीडीबी तू भोगलासच. दुसरा रिडवाला बॅकएंड, त्यात वहीच नाही, नुसती बेरीज, रेंजचा पहिला आकडा अधिक रिड. रेंज १००००० पासून असेल आणि मंदाताईंचा रिड ११०७ असेल तर त्या १०११०७. सर्व्हर दहा वेळा जळू दे, दहाही वेळा १०११०७ च येणार. तिसरा एडी बॅकएंड, त्यात आकडा तुम्ही स्वतः ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येकाच्या नोंदीत लिहायचा, त्यासाठीचे रकाने आरएफसी २३०७ या तांत्रिक कागदात म्हणजे १९९८ पासून ठरलेले आहेत. ताबा पूर्ण तुमचा, पण ज्याच्या नोंदीत आकडा लिहायला विसरलात तो माणूस सर्व्हरला दिसतच नाही. आणि विंडोज सर्व्हर २०१६ पासून त्याची सुटसुटीत टॅब काढून टाकलीये, ॲट्रिब्यूट एडिटरमध्ये जाऊन लिहावं लागतं.

तुम्हाला एकच डोमेन, रिड घे. तारावाली ओळ तशीच ठेव, पण तिची रेंज आणि डोमेनची रेंज एकमेकींत घुसता कामा नये.

---

थंड_चहा · मंगळवार, दुपारी ३:०२

धोबी झाला, पाकीट झालं, मारुतीचं शेपूट झालं. उपमा पुरे, आता पोहे आणा.

---

फ्रेमाँटचा_पाव्हणा · मंगळवार, दुपारी ३:१०

खिळेकाका, दंडवत, पण १००००० ची रेंज नको. उबुंटूवर कंटेनरसाठी (वेगळ्या डब्यात बंद करून चालवलेले प्रोग्रॅम) जे दुय्यम आकडे राखून ठेवतात ते नेमके १००००० पासून सुरू होतात, ६५५३६ चा एक गठ्ठा पहिल्या युजरला, पुढचा गठ्ठा दुसऱ्याला. आज यांच्याकडे कंटेनर नसेल, उद्या कुणीतरी हौसेने एखादा चढवेल आणि त्यातला कुठलातरी प्रोग्रॅम डिस्कवर मंदाताई म्हणून वावरायला लागेल. सरळ दहा लाखापासून घ्या, १०००००० ते १९९९९९९. मग त्या १००११०७.

---

जुना_खिळा · मंगळवार, दुपारी ३:२५

बरोबर. आमच्या काळी कंटेनर म्हणजे जेएनपीटीत असायचे. दहा लाखच घे.

---

प्रेसवाला_पोऱ्या · मंगळवार, सायंकाळी ६:१५

सगळ्यांचे खूप आभार, पहिल्यांदाच कुणीतरी ओरडलं नाही. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. नवी बेरीज समजली. जुना १०००३ मंदाताई हे आपण अंदाजाने काढलं, जुना १०००८ कोण, १००११ कोण हे कसं कळणार? वही तर गेली.

आणि चोन का थांबवायचं होतं?

---

जुना_खिळा · मंगळवार, सायंकाळी ७:००

चोनचं आधी. समज जुन्या मंदाताई १०००३, नव्या मंदाताई १०००७. तू सगळे १०००३ बदलून १०००७ केलेस. पण जुना १०००७ कुणीतरी दुसरा होता ना? त्याच्या फायली आधीपासून तिथे बसल्यात. आता दोघांच्या एकाच ढिगात, आणि कुठली कुणाची हे आकड्यावरून परत कधीच कळणार नाही. म्हणून नवी रेंज पूर्ण वेगळी हवी. १०००३ चा १००११०७ केला तर तिथे आधी कुणी बसलेलं नसतं, आणि अर्ध्यात लाईट गेली तरी कुठे थांबलो ते आकडा बघून कळतं.

अकौंटचं फोल्डर तू अख्खंच मंदाताईंचं केलंस म्हणालास, तिथे अजून कुणाच्या फायली असतील तर तो ढीग झालाच आहे. बघू काय करता येतं.

वहीचं म्हणशील तर पुरावे गोळा कर. प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं फोल्डर आहे का? त्याच्यावरचा आकडा बघ, तो त्याचा.

---

फ्रेमाँटचा_पाव्हणा · मंगळवार, रात्री ८:४५

याहून चांगला पुरावा आहे बहुतेक. तुमच्या कॉन्फिगमध्ये व्हीएफएस ऑब्जेक्ट्सच्या ओळीत एसीएल एक्सॅटर असं काही आहे का? असेल तर लॉटरी लागली. ते मॉड्यूल विंडोजच्या परवानग्या जशाच्या तशा, सिडसकट, प्रत्येक फाईलला चिकटवलेल्या एका चिठ्ठीत ठेवतं. चोनने आकडा बदलतो, ती चिठ्ठी तशीच राहते.

रूट होऊन गेटएफॅटर (चिठ्ठी वाचायची कमांड) चालवा, सिक्युरिटी डॉट एनटीएसीएल हे नाव द्या आणि हेक्समध्ये (सोळाच्या पायातले आकडे) छापायला सांगा. मोठा गिचमिड मजकूर येईल. त्यात रिड उलटा लिहिलेला असतो, लहान बाइट आधी. ११०७ म्हणजे हेक्समध्ये ०४५३, तर तिथे ५३ ०४ ०० ०० असं दिसेल.

---

प्रेसवाला_पोऱ्या · मंगळवार, रात्री १०:२०

आहे!!! ओळ आहे आणि चिठ्ठी पण आहे! २०१९ च्या पगाराच्या फाईलीवर ५३ ०४ ०० ०० दिसलं, मी खुर्चीतून उठलो. डब्ल्यूबीइन्फोला (विनबाइंडला विचारायची कमांड) मंदाताईंचं नाव दिलं तर सिडच्या शेवटी ११०७!! जुळलं!!

काल मी बिघडवलेल्या अकौंटच्या फोल्डरमध्ये पण मालक सगळीकडे मंदाताई दिसतात पण चिठ्ठीत तीन वेगवेगळे रिड आहेत. म्हणजे तो ढीग पण सुटणार.

मॅकवरून आलेल्या फायलींवर मात्र चिठ्ठी नाही.

---

रंगपेटी · मंगळवार, रात्री १०:३३

थ्रिलर वाचल्यासारखं वाटतंय मला, पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

फ्रेमाँटचा_पाव्हणा · बुधवार, सकाळी ९:४०

मॅकच्या फायली सांबातून आल्याच नाहीत, चिठ्ठी कोण चिकटवणार. त्यांचं पुढे बघू.

एक खड्डा राहिलाय, त्यात पडू नका. गुरुवारनंतर बनलेल्या फायलींवरचा १०००३ म्हणजे सुहास आहे, आधीच्या फायलींवरचा १०००३ म्हणजे मंदाताई. आकडा एकच, माणसं दोन. आणि बदललेली तारीख बघून भागणार नाही. एक्सेल जुनी फाईल सेव्ह करताना नवी तात्पुरती फाईल लिहून तिला जुनं नाव देतं, म्हणजे २०१९ ची फाईल कुणी सोमवारी सेव्ह केली असेल तर ती डिस्कच्या लेखी सोमवारी जन्मलेली नवी फाईल. म्हणून स्टॅट करून जन्मवेळ बघा, बर्थ अशी ओळ येते.

क्रम असा ठेवा. सगळ्यांना घरी पाठवा, सांबा आणि एनएफएस बंद करा. नेट आयडीमॅप डम्प करून आत्ताची चुकीची वही कागदावर घ्या, नव्या फायलींसाठी तीच खरी आहे. शुक्रवारपासून जन्मलेल्या फायली त्या वहीप्रमाणे दहा लाखाच्या रेंजमध्ये न्या. मग उरलेल्या जुन्या फायली जुन्या वहीप्रमाणे. चोनला फ्रॉम हा पर्याय असतो, अमुक आकडा असेल तरच बदल, तो वापरा, आणि एच लावा म्हणजे सिमलिंकमागे (दुसऱ्या जागेकडे नुसतं बोट दाखवणारी फाईल) धावत दुसऱ्याच्या घरात शिरणार नाही. ग्रुपचे आकडेही तसेच. कुणी जादा एसीएल (फाईलवरच्या वेगळ्या परवानग्यांच्या याद्या) लावल्या असतील तर त्यांच्यातही आकडेच असतात आणि चोन त्यांना हात लावत नाही, त्या गेटएफॅकलने आकड्यांसकट फाईलीत काढा, बदला, आणि सेटएफॅकलच्या रिस्टोरने परत घाला.

---

थंड_चहा · बुधवार, सकाळी १०:०१

चोन करायचं होतं नऊ लाख फायलींना, झालं पीएचडीचं सिनॉप्सिस. सुहासला पगारवाढ द्या आणि विषय मिटवा.

---

प्रेसवाला_पोऱ्या · बुधवार, सकाळी १०:१५

सुहासने काल मागितली. आकडे देऊन मागितली.

---

जुना_खिळा · बुधवार, सकाळी ११:००

मॅकचं माझ्या मते. एनएफएस काढून टाक आणि त्यांनाही सांबावर आण. ॲपलने स्वतः २०१३ मध्ये मॅव्हरिक्स आवृत्तीपासून फाईल शेअरिंगसाठी एसएमबीच (सांबा बोलतो ती भाषा) मुख्य केलं. सांबात फ्रूट नावाचं मॉड्यूल मॅकसाठीच आहे ते लाव. मग चौघं डोमेनच्या नावाने लॉगिन करतील, प्रत्येकाला स्वतःचा आकडा, आणि आयमॅकवरचा ५०१ आयमॅकवरच राहील.

---

रंगपेटी · बुधवार, सकाळी ११:१२

काका आम्हाला मात्र सांबावर मोठ्या फोल्डरची यादी यायला वेळ लागतो असा अनुभव आहे. दोन हजार लिंक असलेली इनडिझाइन फाईल उघडताना जीव जातो.

---

कर्नल_पॅनिक · बुधवार, सकाळी ११:४०

स्पीडच हवा असेल तर एनएफएस ठेवा आणि एक्स्पोर्टला ऑल स्क्वॅश लावा, सोबत ॲनॉनयूआयडी आणि ॲनॉनजीआयडीमध्ये डिझाइन नावाच्या एकाच अकौंटचे आकडे. कुणीही येऊ दे, कुठलाही आकडा सांगू दे, सर्व्हरने लिहायचं डिझाइन. चौघं तसेही एकच माणूस आहेत, निदान तो माणूस कोण हे तरी आपण ठरवू. पण हे फक्त डिझाइनच्या फोल्डरपुरतं आणि त्या चार आयपींपुरतं, पगाराच्या जवळपास फिरकू देऊ नका.

---

फ्रेमाँटचा_पाव्हणा · बुधवार, दुपारी १२:२०

दोन्ही चालेल. एकाच फोल्डरवर दोन्ही रस्ते उघडे ठेवायचे असतील तर लॉकिंगची (एका फाईलीत दोघांनी एकदम लिहू नये म्हणून लावायचं कुलूप) वेगळी डोकेदुखी आहे, त्यापेक्षा एक ठरवा. मी असतो तर सांबा. आणि अवांतर, कुणी एनएफएसवर मोठ्या ऑफिसात असेल तर लक्षात ठेवा, त्या पाकिटावर जास्तीत जास्त १६ ग्रुप मावतात. सतराव्या ग्रुपमुळे ज्याला परवानगी आहे त्याला नकार मिळतो आणि तो शपथेवर सांगतो की मी ग्रुपमध्ये आहे, आणि तो खरंच असतो. माउंटडीला (सर्व्हरवरचा एनएफएसचा एक प्रोग्रॅम) मॅनेज जीआयडीज लावलं की सर्व्हर ग्रुप स्वतः शोधतो.

---

थंड_चहा · बुधवार, दुपारी १२:४४

हे सतराव्याचं आमच्याकडे झालंय. चार दिवस घालवले. चार दिवस!! तेव्हा कुठे होतात तुम्ही?

---

प्रेसवाला_पोऱ्या · रविवार, रात्री १:३०

झालं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सगळ्यांना घरी पाठवलं आणि बसलो. आधी सगळ्या फायलींचे आकडे, चिठ्ठ्या आणि एसीएल एका यादीत उतरवल्या, पाव्हण्यांनी सांगितलं नव्हतं पण मला भीती वाटत होती. ती यादी बनायलाच तीन तास लागले. मग एका छोट्या फोल्डरवर तालीम, मग खरं. रात्री अडीचला पहिला टप्पा, शनिवारी दुपारी दुसरा.

मध्ये एकदा घाम फुटला. कॉन्फिगमध्ये रिड टाकलं, विनबाइंड रीस्टार्ट केलं, आणि मंदाताई अजून १०००७! दोनदा स्पेलिंग तपासलं. शेवटी शोधून सापडलं की विनबाइंड जोड्या आठवडाभर लक्षात ठेवतो, नेट कॅश फ्लश केल्यावर १००११०७ आला. पुढे कुणाला लागेल म्हणून लिहून ठेवतोय.

मॅक सांबावर आणले. रंगपेटीताई, यादी खरंच थोडी हळू येते, डिझाइनवाल्यांनी तोंड वाकडं केलं. डायलआउट गेला.

आता एकच उरलंय. जुन्या आकड्यांत १००११ नावाचा एक होता, दोनशे बारा फायली, सगळ्या दिनदर्शिकेच्या प्रुफाच्या, सण-तिथी तपासलेल्या. चिठ्ठीत ५८ ०४ म्हणजे रिड १११२. डब्ल्यूबीइन्फो म्हणतो असा कुणी नाही. काकांना विचारलं तर म्हणाले अरे ते आपले प्रुफवाले अण्णा, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, अकौंट तेव्हाच काढलं. त्या फायलींना कुणाचा आकडा देऊ? काका म्हणतात माझा दे.

---

जुना_खिळा · रविवार, सकाळी ७:२०

शाब्बास रे. प्रेसवाला शोभलास.

अण्णांना त्यांचाच दे, १००१११२. तो रिड दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, त्यामुळे भीती नाही. काकांना वाचायला हवं असेल तर त्या फोल्डरवर ग्रुपची परवानगी लाव, मालकी कशाला बदलायची. आणि त्या यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून कपाटात टाक. त्या तिजोरीवाल्या.

---

प्रेसवाला_पोऱ्या · रविवार, सकाळी ९:०५

दिला. यादीत नावाच्या जागी नुसता १००१११२ दिसतो. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं हे काय, म्हटलं अण्णा.

पेनड्राइव्ह कपाटात गेला. किल्ली मंदाताईंकडे.

---

थंड_चहा · रविवार, सकाळी ९:३०

आणि सुहासचं काय झालं?

---

प्रेसवाला_पोऱ्या · रविवार, सकाळी ९:३४

पाचशे रुपये वाढले. सोमवारी बाकीचे अकरा जण काकांना भेटायला येतायत.